निरीक्षकाची खुर्ची

यशोधन टिपणिसांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत डासांखेरीज काहीही मारलं नव्हतं, आणि डासांच्या बाबतीतही त्यांचा नेम बेताचाच होता. असा हा गृहस्थ येत्या चौदा ऑक्टोबरला अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून निघून दक्षिण आफ्रिकेत लिंपोपोला जाणार होता. तिथे एका पाणवठ्याशेजारच्या लपणीत बसून, स्वतःच्या हाताने तासलेल्या लाकडी धनुष्याने, पंधरा पावलांवरून तो कुडू मारणार होता. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण. अंगावर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे आणि डोक्यावर कुणीतरी फुरसतीत पिळून ठेवलेली शिंगं. कुडू नाही जमला तर त्याहून लहान, चपळ हरीण, इम्पाला. इम्पालाही नाही जमला तर नुसतं बसून यायचं, अशीही मनाची तयारी होती, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला ही बातमी फुटली तेव्हा सगळ्यांनी त्यांना घेरलं. मुक्या जनावराला मारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं हो काका, असं एका बाईंनी त्यांना पोटतिडकीने समजावलं. समजावताना त्यांच्या हातात तंदुरी कोंबडीची तंगडी होती आणि मुद्दा पटवण्यासाठी त्या ती अधूनमधून हलवत होत्या. टिपणिसांनी सगळं ऐकून घेतलं. कोंबडीही मुकीच असते हे त्यांच्या ओठावर आलं होतं, पण पिकनिक त्याच बाईंनी आयोजित केली होती.

हे खूळ डेलमुळे लागलं. डेल हा दोन घरं सोडून राहणारा शेजारी. वय एक्क्याऐंशी, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त. मिशिगन सोडून तो फक्त ओहायोला गेला होता आणि त्याला प्रवास म्हणायला तो तयार नव्हता. धनुष्याला कप्प्या, दुर्बिणी आणि दिवे लावायचे असतील तर माणसाने सरळ बंदूक घ्यावी, असं त्याचं मत. टिपणीस सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले त्याच आठवड्यात डेलने त्यांना एक पिवळा, गाठाळ ओंडका आणून दिला आणि यात एक धनुष्य आहे, ते बाहेर काढ, असं सांगून तो निघून गेला.

ते धनुष्य बाहेर काढायला टिपणिसांना अडीच वर्षं लागली. लाकूड थोडं तासायचं, वाकवून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून न्याहाळायचं, पुन्हा थोडं तासायचं. एकदा जास्त तासलं गेलं की परत चिकटवता येत नाही. अशी चार धनुष्यं गॅरेजमध्ये मोडली. पाचवं तगलं.

आणि पाचवं तगलं त्याच महिन्यात त्यांच्या पत्नी देवयानीबाई सहा आठवड्यांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेल्या.

दोघांची मुलगी सावनी तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला मुलगी झाली, आन्या. सहा आठवड्यांचे तीन महिने झाले, मग आन्या बसायला लागली, मग दात आले, मग डे-केअरमधून रोज नवा सर्दी-खोकला घरी यायला लागला. बघता बघता साडेचार वर्षं झाली. देवयानीबाई दिवाळीला आणि उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ॲन आर्बरला येत. टिपणीस वर्षातून चारदा बेलव्ह्यूला जात आणि जावयाच्या ऑफिसच्या खोलीत, प्रिंटरच्या शेजारी झोपत. तिथे सगळे त्यांच्याशी अतिशय चांगले वागत. पाहुण्याशी वागतात तसे.

मधल्या दोन हजार मैलांत रोजचा धागा एकच होता. डेलचा नियम असा की सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, एकच बाण सोडायचा. पाणवठ्यावर जनावर तुम्हाला सराव करू देत नाही. तिथे पहिला बाण हाच शेवटचा. टिपणीस उन्हाळ्यात टी-शर्टवर आणि जानेवारीत दोन टोप्या घालून परसात उतरत. फोमच्या हरणावर बरोबर सातला एक बाण सोडत आणि आत येऊन बायकोला एका शब्दाचा मेसेज करत. लागला. किंवा, चुकला. बेलव्ह्यूत तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असत. देवयानीबाई सहाला दूध तापवताना तो वाचत. लागला असेल तर अंगठा येई. चुकला असेल तर उत्तर ठरलेलं: वारा असेल. झाडाचं पान हलत नसलेल्या दिवशीही टिपणिसांना हे उत्तर पटे.

आफ्रिकेची कल्पना या धाग्यावरूनच पुढे सरकली. डिसेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. शिकारीच्या शेताचा मालक कोबस याने पाठवलेल्या फॉर्मवर सुरुवातीलाच दोन रकाने होते: शिकारी किती आणि निरीक्षक किती. निरीक्षक म्हणजे जो मारत नाही, नुसता सोबत बसतो. तो रकाना टिपणिसांनी पुन्हा एकदा वाचला. कुडूचं काय, तो येईल नाहीतर न येईल. पण चार बाय सहाच्या त्या लपणीत सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत देवयानी शेजारी बसलेली असेल. मधे प्रिंटर नसेल. कुणाचं नाक पुसायचं नसेल. बोलायची सोय नाही, कारण आवाजाने जनावर बुजतं. पण बोलायचं होतंच कुठे. नुसती शेजारी हवी होती.

त्यांनी फोनवर विचारलं. देवयानीबाई म्हणाल्या, "बघू."

चाळीस वर्षांच्या संसारात टिपणिसांनी या शब्दाचा सखोल अभ्यास केला होता. नवीन सोफा घ्यायचा का, तर बघू. तुझ्या भावाला बोलवायचं का, तर बघू. आजवर एकाही बघूमधून होकार बाहेर पडलेला त्यांच्या पाहण्यात नव्हता. तरी त्यांनी फॉर्म भरला. शिकारी एक, निरीक्षक एक. पथ्यपाण्याच्या रकान्यात, चतुर्थीला साबुदाणा, असं लिहिलं. ही कुठल्या रोगावरची गोळी आहे, असं कोबसने उलट टपाली विचारलं.

जूनमध्ये बेलव्ह्यूहून एक पाकीट आलं. धनुष्याची दोरी सुटताना टणकार होतो आणि इम्पालासारखं जनावर त्या आवाजानेच बाणाखालून निसटतं, म्हणून दोरीवर लोकरीचे दोन गोंडे बांधतात, हे त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. पाकिटात दोन गोंडे होते. आन्याच्या स्वेटरमधून उरलेल्या लोकरीचे, भडक गुलाबी. डेलने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला की हरणांना गुलाबी रंग दिसत नाही, एवढं एक बरं आहे.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. देवयानीबाईंनी बेलव्ह्यूतून व्हिडिओ कॉलवर सूत्रं हलवली. टिपणिसांनी पाट मांडला, त्यावर धनुष्य, सहा बाण आणि तासायची पटाशी ठेवली. माझी विळीपण ठेव, ओट्याखालच्या कपाटात असेल, असा वरून आदेश आला. विळी सापडली, साडेचार वर्षांत तिने फारसं काही चिरलं नव्हतं. हळदकुंकू झालं, कुंडीतला झेंडू झाला, उदबत्ती झाली. स्मोक अलार्म वाजला, तोही झाला.

"आता हात लावायचा नाही," देवयानीबाई म्हणाल्या. "उद्या दसऱ्याला मी सांगेन, मग अक्षता टाकून उत्तरपूजा करायची आणि मगच हलवायचं. तुला सवय आहे सातला उचलायची, म्हणून सांगतेय."

टिपणिसांनी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी आन्याचा कान दुखायला लागला. ताप चढला, डॉक्टर झाले, अँटिबायोटिक सुरू झालं. दसऱ्याच्या दिवशी फोन आला तो कानाबद्दलच. टिपणिसांनी कानाची चौकशी केली, सोनं घ्या सोन्यासारखं राहा असं आन्याला सांगितलं, तिने "ओके आजोबा, बाय" म्हटलं आणि फोन संपला. उत्तरपूजेचं राहिलं.

माणसाने दुसऱ्या दिवशी आठवण करून दिली असती. किंवा स्वतःच चार अक्षता टाकून मोकळा झाला असता. देवाची काही तक्रार नव्हती. टिपणिसांनी दोन्ही केलं नाही. सकाळी सातला ते पाटासमोर उभे राहिले, धनुष्याकडे पाहिलं, चहा करून प्यायले. मेसेज केला नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. धनुष्याची नव्हे. बेलव्ह्यूच्या त्या घरात तीन मोठी माणसं, एक मूल, एक कुत्रा आणि बोलणारी दोन यंत्रं होती. सकाळी यायचा तो एक शब्द येत नाही, हे त्यांच्यापैकी कुणाला कळतं का, हे त्यांना बघायचं होतं. आठवण करून दिली की मग ते कळणार नव्हतं. रोज संध्याकाळी फोन होई, ताप किती, कान कसा, सावनीची मीटिंग कशी. टिपणीस सगळं विचारत आणि स्वतःचं काही सांगत नसत. पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी आन्या शाळेत गेली. झेंडू सुकून तपकिरी झाला.

सातव्या दिवशी डेल आला. आठवड्याने विमान पकडायचं असलेल्या माणसाचं धनुष्य फुलांखाली पडलेलं पाहून त्याने विचारलं, हे कुणाचं आहे. टिपणीस म्हणाले, माझं. डेल म्हणाला, मग उचल. टिपणिसांनी सांगितलं की बायकोने हात लावू नको म्हटलंय आणि अजून लाव म्हटलेलं नाही. डेलने थोडा विचार केला. बावन्न वर्षं संसार करून तो विधुर झाला होता. तो म्हणाला, मग नको उचलूस. आणि पाटाला वळसा घालून कॉफी घ्यायला गेला.

नवव्या दिवशी सकाळी साडेनऊला मेसेज आला.

"नऊ दिवस वारा आहे का?"

टिपणिसांनी तो तीनदा वाचला. मग त्यांनी पाटाचा फोटो काढला आणि एक अक्षरही न लिहिता पाठवून दिला. मिनिटभरात फोन वाजला. पलीकडे देवयानीबाई होत्या.

"तू खरंच हात लावला नाहीस?"

"तू सांगणार होतीस."

"अरे, पाच दिवसांनी जायचंय तुला."

"हो."

 मग त्या म्हणाल्या, "येते मी. तोवर असू दे तसंच."

अर्ध्या तासात सावनीचा मेसेज आला. बाबा, आई इज कमिंग टुमॉरो, तिने स्वतः तिकीट बुक केलं, व्हॉट डिड यू डू? टिपणिसांनी उत्तर दिलं, काहीच नाही. हे अगदी खरं होतं.

शुक्रवारी देवयानीबाई आल्या. पायातले बूट काढून त्या आधी पाटापाशी गेल्या. वाळलेला झेंडू, पोपडे धरलेलं कुंकू आणि गुलाबी गोंड्यांवर बसलेली उदबत्तीची राख त्यांनी पाहिली. मग आंघोळ करून शिरा केला, अक्षता वाहिल्या आणि पाट तसूभर सरकवला. धनुष्य उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. विळी धुऊन पुन्हा ओट्याखाली ठेवली.

परसात टिपणिसांनी सरावासाठी एक शिकारी तंबू उभारला होता. तपकिरी कापड, पुढे बाण सोडायला एक खिडकी, आत घडीच्या दोन खुर्च्या. एक पुढे, एक तिच्या मागे. कोबसने पाठवलेल्या फोटोत होत्या तशाच. शनिवारी उजाडताना दोघं आत जाऊन बसले. टिपणीस पुढच्या खुर्चीवर, मांडीवर धनुष्य. देवयानीबाई मागे, शाल गुंडाळून. एक तास कुणी बोललं नाही. मागे शालीची सळसळ होई, थर्मासचं झाकण फिरे, आणि टिपणिसांना वाटे की लिंपोपो इथेच आलं आहे. आणखी काही आलं नाही तरी चालेल.

आणि मग आलंच. मागच्या झाडीतून एक खरीखुरी हरिणी परसात उतरली. फोमच्या हरणापाशी थांबली, त्याला हुंगलं, नापसंत केलं आणि झाडाखाली पडलेली रानसफरचंदं खाऊ लागली. बारा पावलं. टिपणिसांनी धनुष्य उचललं नाही. परवाना नव्हता, आणि त्या वेळी असता तरी हात उचलला नसता. पाच मिनिटांनी ती निघून गेली.

"दिसली?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"हो. छान होती."

 मग मागून आवाज आला.

"यशो, मी नुसतं बघू बघू म्हणत राहिले, ते चुकलंच माझं. मला नाही यायचं आफ्रिकेला."

हे अपेक्षित होतं आणि टिपणिसांचं त्यावरचं भाषण तयार होतं. "सावनीशी मी बोलतो," ते म्हणाले. "तिने तुला असं अडकवून ठेवायचं म्हणजे..."

"मला कुणी अडकवलेलं नाही." आवाज चढलेला नव्हता. "मला आवडतं तिथे. सकाळी उठल्यापासून कुणीतरी मला हाक मारत असतं. तू रिटायर झालास तेव्हा मला वाटलं होतं, आता बसू दोघं. तू गॅरेजमध्ये गेलास. अडीच वर्षं. मी चहा आणायची, तू म्हणायचास, ठेव तिथे. धनुष्य वाकलं की मात्र बोलवायचास, देवयानी, बघ. मी बघायची. तुझ्या त्या फॉर्मवर निरीक्षक वाचलं ना, तेव्हा हसू आलं मला. म्हटलं, ही नोकरी आपण करून झालीय."

टिपणिसांना गॅरेजमधली चहाच्या कपांची वर्तुळं आठवली. कामाच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यात ती अजून होती. त्यांना ती नेहमी लाकडाच्या तेलाची वाटत आली होती.

"मग सकाळचा मेसेज कशाला वाचायचीस?" त्यांनी विचारलं.

"तो मला यायचा म्हणून."

एवढंच बोलणं झालं. नंतर दोघांनी आत जाऊन शिळा शिरा परतून खाल्ला, आणि तो चांगला लागला.

रविवारी देवयानीबाईंना डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडून टिपणीस घरी आले. आवराआवर करावी म्हणून तंबूत शिरले. मागच्या खुर्चीवर शाल राहिली होती. ती उचलण्यापूर्वी, पाय दुखत होते म्हणून म्हणा, ते त्या खुर्चीवर टेकले.

आणि उठायचे राहिले. त्या खुर्चीतून खिडकी दिसत नव्हती. पुढच्या खुर्चीची पाठ दिसत होती, आणि तिच्यावर माणूस बसला असता तर त्याची दिसली असती. वाकून, मान तिरकी करून पाहिलं तर कडेला बोटभर आकाश. परस नाही, झाड नाही. बारा पावलांवरची हरिणी तर नाहीच नाही.

छान होती, असं ती म्हणाली होती.

टिपणीस तिथे बराच वेळ बसले. मग गॅरेजमधून पटाशी आणली आणि त्या भारीतल्या तंबूच्या कापडात, पहिल्या खिडकीच्या शेजारी, दुसरी खिडकी कापली. ती वाकडी झाली. मागची खुर्ची त्यांनी पुढे आणून आपल्या खुर्चीच्या ओळीत ठेवली. दोन्ही मावत नव्हत्या. स्वतःची थोडी मागे सरकवल्यावर मावल्या.

संध्याकाळी त्यांनी कोबसला लिहिलं की धनुष्य पूजेत असल्यामुळे सराव झालेला नाही, तरी ही सफर मे महिन्यावर न्यावी; आणि तुमच्या लपणीत निरीक्षकाला खिडकी असते का. उत्तर लगेच आलं. तीस वर्षांत लोकांनी न येण्याची नाना कारणं दिली, पण हे नवीन आहे, असं कोबसचं म्हणणं होतं. मे चालेल. खिडकीबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. भिंत विटांची आहे, फोडून घेतो.

मग त्यांनी बेलव्ह्यूला फोन लावला. आन्याने उचलला. आजी इज कुकिंग, असं तिने सांगितलं.

"आजीला सांग, खुर्ची पुढे घेतली आहे," टिपणीस म्हणाले. "आणि मे महिन्यात तिथे थंडी असते. एवढंच सांग."

फोन कुठेतरी आदळला. लांबवर आन्या ओरडून काहीतरी सांगताना ऐकू आली. त्यात चेअर होती, मे होता, बाकी तिची तिने भर घातली होती. कुकरची शिट्टी झाली. मग पावलं परत आली.

"आजोबा? आजी सेज बघू."

"बरं," टिपणीस म्हणाले. या वेळी त्यांनी त्याचा अर्थ लावला नाही.

सोमवारी सकाळी सातला ते परसात उतरले. बारा दिवसांनी धनुष्य ओढायचं होतं आणि खांदा कुरकुरत होता. दोरी गालापर्यंत आली, गोंडे थरथरले, बाण सुटला आणि फोमच्या हरणाच्या पाठीवरून कुंपणात जाऊन रुतला. झाडाचं पान हलत नव्हतं. टिपणीस आत आले, चष्मा लावला आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदाच एका शब्दापेक्षा लांब मेसेज लिहिला.

चुकला. वारा नव्हता.